कूलंट दर आठवड्याला कमी होतंय, खाली एक थेंब दिसत नाही, हेड उतरवण्याआधी मत हवंय

अजिंक्यताऱ्याखाली (शुक्रवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून.

गाडी २००७ची, पेट्रोल हॅचबॅक, ११०० सीसी, चार सिलिंडर, १,३८,००० किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण दोष वयाचा आहे, कंपनीचा नाही. गाडी बाबांची. ते गेले त्याला चार वर्षं झाली, २०२२ला मी परत पासिंग करून घेतलं, पर्यावरण कर भरला, आणि २०२७पर्यंत तरी ही गाडी घरात राहणार हे ठरवलं. आईच्या डोळ्यांचे उपचार पुण्याला चालू आहेत, पंधरा दिवसांनी एक फेरी असते, म्हणून गाडीवर भरवसा लागतो.

प्रॉब्लेम असा की फेब्रुवारीपासून रिझर्व्ह बाटलीतलं कूलंट आठ-दहा दिवसांत वरच्या खुणेवरनं खालच्या खुणेच्याही खाली जातंय. साधारण पाव लिटर. पार्किंगमध्ये खाली पुठ्ठा टाकून बघितला, सकाळी पुठ्ठा कोरडा. पहिल्या गॅरेजने रेडिएटरची कॅप आणि वरखालचे दोन्ही होज (रबरी नळ्या) बदलले, दोन आठवडे बरं वाटलं आणि परत तेच. दुसऱ्याने रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीला बारीक चीर दाखवली, ती खरी होती, मी डोळ्यांनी बघितली, नवा रेडिएटर टाकला ४,८०० रुपये, तरी पाणी कमी होतच राहिलं. आता तिसरा म्हणतोय हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्याखालचं सील) गेलंय, हेड उतरवावं लागेल, अठरा ते वीस हजार धरून चला.

आणि गेल्या खेपेला पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढताना टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर गेला, आई शेजारी बसलेली, मी एसी बंद केला, हीटर फुल्ल केला, जागा मिळाली तिथे बाजूला घेतली आणि कॅप न उघडता पाऊण तास थांबलो. तेव्हापासनं झोप नाही. हेड खरंच उतरवायचं का? पैशापेक्षा इंजिन एकदा उघडलं की परत तसं बसेल का याची जास्त धास्ती आहे.

---

घाटवाट (शुक्रवार, रात्री ११:१५)

आधी हे सांगतो की तुम्ही घाटात केलंत ते अगदी बरोबर, हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, तो उघडला की तेवढी उष्णता केबिनमध्ये येते आणि इंजिनाला श्वास मिळतो. आणि थांबल्यावर कॅप उघडली नाहीत ते सगळ्यात चांगलं. माझ्या मावसभावाचा हात कोपरापर्यंत भाजलाय त्यात, अजून डाग आहेत. कॅपखाली पाणी प्रेशरमध्ये असतं म्हणून ११८-१२० डिग्रीलाही उकळत नाही, कॅप फिरवली की प्रेशर जातं आणि सगळं पाणी एकदम वाफ होऊन अंगावर येतं.

हेडचा निर्णय आत्ता घेऊ नका. आधी एवढं सांगा –
डिपस्टिकवरचं ऑइल कसंय, आणि ऑइलच्या झाकणाला आतून लस्सीसारखं काही लागलंय का? सकाळी सेल्फ मारल्यावर पांढरा धूर येतो का, आणि गाडी तापल्यावरही येतच राहतो का? (थंडीत पहिली दोन मिनिटं येणारी वाफ सोडून द्या, ती सगळ्यांच्या गाडीला येते.) गार इंजिन चालू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होतो का? डाव्या बाजूला पाय ठेवतो तिथलं कार्पेट ओलं आहे का, काचेवर आतून चिकट धुकं धरतं का?

आणि कूलंट कुठलं, पाणी कुठलं तेही लिहा.

---

अजिंक्यताऱ्याखाली (शनिवार, सकाळी ८:०५)

आत्ताच सगळं बघून आलो. ऑइल स्वच्छ, काळपट सोनेरी, झाकण आतून कोरडं. पांढरा धूर नाही. होज सकाळी मऊच, तीन-चार मिनिटं चालवूनही हाताने दाबता येतो. कार्पेट दोन्हीकडे कोरडं, मॅट उचलून खालचा फोमही दाबून बघितला.

पाण्याचं म्हणाल तर बाबा कायम बोअरचं पाणी घालायचे, त्यांच्या काळात सगळेच घालायचे. मी दोन वर्षांपूर्वी हिरवं कूलंट टाकलं. तिसऱ्या गॅरेजने चेक करायला म्हणून ते काढून नुसतं पाणी भरलंय सध्या.

एक गोष्ट काल लिहायची राहिली. गाडी लांबून येऊन दारात उभी केली की वायपरच्या जाळीपाशी कधीकधी गोडसर वास यायचा, गूळ उकळताना येतो ना तसा काहीसा. कूलंट काढल्यापासनं तो वास येत नाही.

---

सोलापुरी_चादर (शनिवार, सकाळी ९:३०)

माझे वडील तीस वर्षं टॅक्सी चालवायचे, पद्मिनी होती. रेडिएटर गळायला लागला की दोन चमचे हळद टाकायचे पाण्यात आणि गळती थांबायची, मी स्वतः बघितलंय. वीस हजार घालवायच्या आधी दहा रुपयांची हळद टाकून बघायला काय हरकत आहे? वडिलांनी अशा हळदीवर अख्खे उन्हाळे काढलेत.

---

डेपोतले_काका (शनिवार, सकाळी ११:५०)

मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालोय, अडतीस वर्षं इंजिनांतच गेली. हळदीचं जे सांगितलंय ते खोटं नाही. हळदीचे बारीक कण पाण्याबरोबर फिरतात, सुईएवढ्या भोकापाशी जाऊन अडकतात, फुगतात आणि भोक बुजतं. रात्री रस्त्यात अडकलास तर घरी यायला हळद टाक, मी पण टाकलीय. पण त्या जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे, नळ्या रुंद, आणि वर्षातनं एकदा ते उतरवून साफ करून डाख देऊन परत बसवायचे, तेव्हा हळद निघून जायची. आजच्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरच्या नळ्या चपट्या आणि अरुंद, हीटरच्या तर त्याहून बारीक. तिथे हळद काय किंवा बाजारातली गळती बंद करायची पावडर काय, भोक बुजवेल तशी नळीही बुजवेल. तू नुकताच नवा रेडिएटर टाकलायस, त्यात आता काही ओतू नकोस.

आता तुझ्या गाडीचं. तुझ्या लिहिण्यात दोन गोष्टी माझ्या नजरेत भरल्या. एक, वास वायपरच्या जाळीपाशी येतो. ती जाळी इंजिनाच्या मागच्या अंगाला, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) वर. रेडिएटर पुढे आहे. म्हणजे वाफ पुढनं येत नाही, मागनं येते. दुसरी, बोअरचं पाणी. बोअरचं पाणी लोखंड आतनं खातं आणि क्षार साठतात. तुझ्या गाडीला इंजिनाच्या मागून एक लोखंडी पाइप गेलेला असणार, वॉटर बॉडीकडे (म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाकडे) पाणी नेणारा. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांना तो आहे. मेकॅनिक लोक तो बघत नाहीत कारण तो दिसत नाही.

खाली थेंब का नाही म्हणशील तर, बारीक पाझर असला की ते पाणी तापलेल्या ब्लॉकवरच वाळतं. नाहीतर गिअरबॉक्सच्या कंगोऱ्यावर साचतं आणि तिथेच सुकतं. पण कूलंट वाळलं तरी खार ठेवून जातं, हिरवट पांढरा, पापडखारासारखा. तो शोध. आणि शोधायचा तो सकाळी, गार इंजिनावर, बॅटरीच्या उजेडात. डेपोत आम्ही पहाटे साडेचारला गाड्या बघायचो ते त्यासाठीच, तापलेल्या गाडीत गळती लपते. धातू तापला की फुगतो आणि फट मिटते, गार झाला की आकसतो आणि फट उघडते.

---

निशा_गंगापूर_रोड (शनिवार, दुपारी २:२०)

काकांशी शंभर टक्के सहमत. मी नाशिकला असते, माझी २००९ची गाडी मी स्वतःच बघते, नवऱ्याला यातलं काही आवडत नाही आणि मला यातलंच आवडतं. माझ्याकडे हीटर कोअर (हीटरचा तो छोटा रेडिएटर) गेला होता, तेव्हा सहा महिने मी पण अशीच फिरले होते आणि शेवटी कामाला आला तो प्रेशर टेस्टर.

म्हणजे सायकलच्या पंपासारखा हातपंप, त्यावर घड्याळ, आणि रेडिएटरच्या तोंडाला बसेल असं झाकण. एमआयडीसीकडच्या चांगल्या गॅरेजात असतो, मागितला तर एक दिवस देतात. करायचं असं: गाडी रात्रभर उभी हवी. सकाळी कॅप काढायची, पाणी तोंडापर्यंत भरायचं, टेस्टर बसवायचा आणि हळूहळू पंप मारायचा. तुमच्या कॅपवर आकडा कोरलेला असेल, ०.९ किंवा १.१ असा, तेवढंच प्रेशर द्यायचं, वर अजिबात नाही, नाहीतर चांगले जोडही सुटतात. मग हात लावायचा नाही, पंधरा मिनिटं बसून काटा बघायचा. काटा हलला नाही तर गार इंजिनावर गळती नाही. काटा उतरला तर पाणी कुठूनतरी बाहेर पडतंय आणि इंजिन बंद असल्यामुळे ना पंख्याचा वारा, ना वाफ, ना आवाज. थेंब जिथनं निघतो तिथेच दिसतो.

आणि हेड गॅस्केटची शंका मनातनं काढायला वेगळी टेस्ट आहे. रेडिएटरच्या तोंडावर एक नळी धरतात, त्यात निळं लिक्विड असतं, इंजिन चालू ठेवून रेडिएटरमधली हवा त्यातनं ओढतात. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. दहा मिनिटांचं काम. हे न करता हेड उतरवा म्हणणारा माणूस अंदाजाने बोलतोय.

ता.क. वॉटर बॉडीखाली एक बारीक भोक असतं, मुद्दाम ठेवलेलं. आतलं सील गेलं की पाणी तिथनं बाहेर येतं. तिथेही खार आहे का बघा, आणि पुलीला हाताने हलवून बघा, लडबडत असेल तर बेअरिंगही गेलं.

---

सरळरेषा (शनिवार, संध्याकाळी ६:००)

कॅपबद्दल एक भर घालतो कारण लोक कॅप म्हणजे नुसतं झाकण समजतात. ती खरं तर दोन्ही बाजूंनी उघडणारी झडप आहे. तापल्यावर वाढलेलं पाणी ती बाटलीत सोडते आणि गार झाल्यावर बाटलीतलं परत आत ओढते. रबर कडक झालं की दोन्ही कामं बंद. आणि घाटावर याचा फार फरक पडतो. महाबळेश्वर साधारण साडेचार हजार फुटांवर, तिथे उघड्या भांड्यात पाणी ९५-९६ डिग्रीलाच उकळतं. पसरणी घाट चढून वर गेलेली गाडी, आत नुसतं पाणी, कॅप सैल – उकळणारच. तुमची कॅप नवीन आहे, पण तिच्यावरचा आकडा जुन्या कॅपशी जुळवून घ्या, दुकानदार हाताला लागेल ती देतात.

---

थंड_तळी (शनिवार, रात्री ११:३०)

मी मूळचा कऱ्हाडचा, सध्या मिनेसोटात. इकडे उणे पंचवीसला गाडी उभी असते तेव्हा काकांनी सांगितलेली गार गळती रोजची. रात्री रबर आणि धातू वेगवेगळे आकसतात आणि सकाळी बर्फावर हिरवा ठिपका, गाडी तापली की गायब. इकडे बऱ्याच गाड्यांना स्प्रिंगच्या क्लिपा असतात, होज आकसला की त्या मागोमाग आवळत जातात. आपल्याकडे गॅरेजवाले त्या काढून स्क्रूची जुबली क्लिप टाकतात. ती एकदा आवळली की तिथेच राहते, आणि जोरात आवळली तर होज कापते. जुन्या स्प्रिंग क्लिपा चांगल्या असतील तर टाकू नका.

---

अजिंक्यताऱ्याखाली (पुढचा रविवार, सकाळी ९:४५)

सापडलं. सापडलं हो! हात अजून काळे आहेत, तसाच टाइप करतोय.

क्रमाने सांगतो. बुधवारी निळ्या लिक्विडची टेस्ट केली, ओळखीच्या एका गॅरेजात किट होतं. बारा मिनिटं इंजिन चालू ठेवलं, लिक्विड शेवटपर्यंत निळं. तिथेच निम्मं ओझं उतरलं. प्रेशर टेस्टर त्यांच्याकडूनच शनिवारी रात्री आणला.

आज पहाटे सहाला बोनेट उघडलं. आई पण चहा घेऊन बाहेर येऊन बसली. कॅपवर ०.९ आहे, तेवढा पंप मारला, आणि मोबाइलवर वेळ लावला. पहिली चार मिनिटं काटा जागचा हलला नाही, मला वाटलं झालं, काही सापडत नाही. मग काटा केसभर खाली. दहा मिनिटांनी ०.७वर. पुढे रेडिएटर, होज, कॅप, वॉटर बॉडीचं भोक, सगळं टिश्यू पेपर फिरवून बघितलं, टिश्यू कोरडा. काका म्हणाले होते मागे बघ म्हणून एअर फिल्टरचा डबा काढला. तरी दिसेना, इनटेकच्या खाली नुसता अंधार. शेवटी मोबाइल स्वयंपाकघरातल्या झाऱ्याला चिकटपट्टीने बांधला, टॉर्च चालू करून व्हिडिओ लावला आणि फायरवॉलच्या बाजूने खाली सोडला.

व्हिडिओत दिसलं. लोखंडी पाइप, बोटाहून जरा जाड, ब्लॉकला खेटून आडवा गेलाय. हीटरचा होज जिथे त्याच्यावर चढतो तिथे क्लिपच्या कडेला गंज फुगून पापुद्रे आलेत, त्याभोवती हिरवट पांढरा खार, काकांनी लिहिलेला तसाच पापडखार. आणि त्या खाराच्या खालच्या टोकाला एक थेंब. तो हळूहळू मोठा होतो, चमकतो, मग सुटून खाली न पडता पाइपच्या पोटावरनंच डावीकडे घरंगळत जातो आणि गिअरबॉक्सच्या कंगोऱ्यावर जाऊन बसतो. मी तो व्हिडिओ पाच वेळा बघितला. आईने पण बघितला. दोन महिने, तीन गॅरेज, आणि हे एवढंसं!

आता पुढे काय करू? शेजारचा वेल्डिंगवाला म्हणतो पाइप काढून द्या, टाका मारून देतो. एकजण म्हणाला वरनं एम-सील लाव.

---

डेपोतले_काका (रविवार, सकाळी १०:३०)

शाब्बास. झाऱ्याची युक्ती चांगली, आमच्या वेळी दंतवैद्याचा आरसा वापरायचो.

वेल्डिंग नको. तो पाइप आतनं खाल्लेला आहे, बाहेरनं जिथे फुटलाय तिथेच पातळ आहे असं समजू नकोस, सगळीकडे पातळ असणार. टाका मारायला गेला तर शेजारी भोक पडेल. एम-सील तापून गार होऊन सुटतं. नवा पाइप घे, महाग नसतो. तो वॉटर बॉडीत जातो तिथे ओ-रिंग असते, ती नवी टाक, जुनी कितीही चांगली दिसली तरी. ओ-रिंगला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नकोस, पाण्याच्या कामाचं रबर तेलाने फुगतं आणि खराब होतं. थोडं कूलंट बोटावर घेऊन ओलं कर, सरकन बसते. बसायची जागा आधी बारीक पॉलिश पेपरने साफ कर, पण हलक्या हाताने, ॲल्युमिनियमला ओरखडा पडला तर तिथनं परत पाझरेल.

उघडलंच आहेस तर थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) बघ. वीस वर्षांच्या गाडीत तो असेलच असं नाही.

---

मांडवीकाठ (रविवार, दुपारी १:१०)

आम्हाला पणजीला गंज काही नवीन नाही, खारं वारं सगळं खातं. माझ्याकडे हाच पाइप दोनदा बदलला. नवा आणल्यावर बसवायच्या आधी बाहेरनं गंजरोधक रंगाचे दोन हात मारले, होज चढतो तेवढी टोकं सोडून. दुसऱ्याला आता सात वर्षं झाली. रंग लावून एक दिवस सुकू द्या, घाई नको.

---

अजिंक्यताऱ्याखाली (बुधवार, रात्री ९:५०)

काका, तुम्हाला कसं कळलं? थर्मोस्टॅट नव्हताच. हाउसिंग उघडलं तर आत मोकळं. कुठल्या वर्षी कुणी काढला देव जाणे, बाबा असते तर विचारलं असतं.

म्हणून हिवाळ्यात हीटर नीट तापायचा नाही आणि ॲव्हरेज चौदाच्या वर जायचं नाही. मला वाटायचं गाडी म्हातारी झाली.

---

डेपोतले_काका (बुधवार, रात्री १०:२०)

खूप ठिकाणी काढतात. आपल्याकडे गरमी असते, थर्मोस्टॅट कशाला, असं म्हणतात. हे साफ चूक आहे आणि मला याचा मनापासून राग येतो. थर्मोस्टॅट इंजिन गार ठेवायला नाही, बरोबर तापलेलं ठेवायला आहे. साधारण ८२ डिग्रीला उघडतो. तो नसला तर इंजिन कामाच्या तापमानावर यायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये ओल राहते, सिलिंडर झिजतात. आणि काही इंजिनांत तोच बायपासची वाट बंद करतो. तो काढला की तापलेलं पाणी रेडिएटरला न जाता बायपासनेच फिरत राहतं, मग घाटात गाडी उलट जास्त तापते. नवा टाक. टाकायच्या आधी पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोरीला बांधून सोड आणि तापव, उघडताना डोळ्यांनी बघ.

---

निशा_गंगापूर_रोड (गुरुवार, सकाळी ७:४०)

भरताना हवा काढायला विसरू नका, अर्धं काम तिथेच बिघडतं. आधी साध्या पाण्याने दोन-तीनदा आतनं धुवा, शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने, बॅटरीचं पाच लिटरचं कॅन मिळतं तेच. तयार मिक्स कूलंट असेल तर तसंच ओता, घट्ट असेल तर निम्मं निम्मं. रंगावर जाऊ नका, हिरवं म्हणजे अमुक आणि लाल म्हणजे तमुक असं काही ठरलेलं नाही, गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार बघा. वेगवेगळ्या जातीचं एकत्र केलं तर कधीकधी आत चिकट गाळ होतो.

गाडीचं तोंड चढाला लावा, हीटर पूर्ण गरमवर, कॅप उघडी ठेवून गार इंजिन चालू करा. वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. पाणी वर चढायला लागलं की कॅप लावा आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा. पहिले दोन-तीन दिवस बाटलीतली पातळी थोडी उतरेल, ती राहिलेली हवा असते, घाबरू नका.

आणि काढलेलं जुनं कूलंट गटारात नको. ते विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. घरात लहान मूल असेल तर कॅन उंचावर. माझ्या गल्लीतलं एक मांजर असं गेलंय, म्हणून दर वेळी लिहिते. बंद डब्यात भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्या.

---

सोलापुरी_चादर (गुरुवार, दुपारी १२:१५)

काका, हळदीचं तुम्ही समजावून सांगितलंत ते पटलं. वडिलांना फोन करून वाचून दाखवलं, ते म्हणाले दर दिवाळीला रेडिएटर उतरवून डाख द्यायला न्यायचो, ते तुला आठवत नाही का. खरंच आठवलं मग. पितळेचा तो वास आणि दुकानातली शेगडी.

---

अजिंक्यताऱ्याखाली (दोन रविवारांनंतर, रात्री ८:३०)

काम पूर्ण. उशिरा लिहितोय कारण पक्कं झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पाइप ६५० रुपये, ओ-रिंग ४०, थर्मोस्टॅट ५५०, हीटरच्या होजचा एक तुकडा १८०, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर मिळून साधारण हजार. काढ-घाल मी आणि गल्लीतला एक जाणकार मित्र, दोघांनी मिळून केली, एक अख्खा रविवार गेला. जुना पाइप काढताना क्लिपपाशी दोन तुकडे होऊन हातात आला, आत बघितलं तर निम्मी वाट तांबड्या खपल्यांनी भरलेली. थर्मोस्टॅट पातेल्यात उकळला, आईनेच गॅस बारीक-मोठा केला, मधली चकती हळूच वर उचलली गेली तेव्हा ती म्हणाली, अगदी पुरीसारखी फुगली.

बसवल्यावर परत टेस्टर लावला. ०.९वर वीस मिनिटं. काटा ढिम्म.

पहिल्या दोन दिवसांत बाटली बोटभर उतरली तेव्हा पोटात गोळा आला, मग निशाताईंचं वाचलं आणि शांत बसलो. भरली, तिसऱ्या दिवसापासून स्थिर. बाटलीवर पांढरी चिकटपट्टी लावलीय, तिच्या वरच्या कडेला पातळी. आतापर्यंत पुण्याच्या दोन फेऱ्या धरून ६१० किमी झाले. काल खंबाटकी चढलो, दुपारची वेळ, एसी चालू, पुढे लोडेड ट्रक म्हणून बराच वेळ दुसऱ्या गिअरमध्ये. काटा निम्म्याच्या खाली आला तिथेच राहिला. गेल्या वेळी थांबलो होतो त्या जागेपाशी आईने माझ्याकडे बघितलं, मी काट्याकडे बोट दाखवलं.

तिसऱ्या गॅरेजवाल्याला पण जाऊन व्हिडिओ दाखवला. भांडायला नाही, पुढच्या माणसाचं हेड वाचावं म्हणून. त्याने शेवटपर्यंत बघितला आणि टेस्टर कुठे मिळतो ते विचारून घेतलं.

---

घाटवाट (रविवार, रात्री ९:१०)

वाचून फार बरं वाटलं. एक गोष्ट मात्र कायम लक्षात असू द्या, काट्यावरच विसंबू नका. पाणी पूर्ण गेलं तर सेन्सर पाण्यात राहत नाही, हवेत राहतो, आणि काटा उलट खाली येतो. लोकांना वाटतं गाडी गार झाली आणि तेवढ्यात इंजिन जाम होतं. घाटात हीटर लावल्यावर गरमऐवजी थंड हवा आली तर पाणी संपलं समजा आणि तिथल्या तिथे इंजिन बंद करा.

---

इंद्रायणीतीर (सोमवार, सकाळी ६:५५)

गेले पाच महिने माझ्या २००५च्या गाडीत हेच चालू आहे, वासही तिथेच, वायपरपाशी. हा धागा रात्री दोनपर्यंत वाचला. आत्ता पुठ्ठ्याऐवजी मोबाइल खाली सोडून बघितला. खार आहे. पाइपवर नाही, जरा वर, हीटरच्या होजच्या जोडापाशी. क्लिप स्क्रूची आहे आणि होजमध्ये रुतलीय. होज आणि क्लिप दोन्ही बदलू ना?

---

डेपोतले_काका (सोमवार, सकाळी ७:३०)

दोन्ही बदल. होज काढताना ओढू नकोस, ज्या नळीवर तो चढलाय ती हीटर कोअरची असते, नाजूक असते, वाकली तर डॅशबोर्ड उतरवावा लागेल. ब्लेडने होज उभा चिरून सोलून काढ. आणि उघड्या टोकाला हात लावून बघ, गंजाचे खडबडीत कण असतील तर पॉलिश पेपर मारूनच नवा चढव.

सातारकरा, हजार किमी झाले की एकदा सकाळी गार इंजिनावर पातळी बघून इथे लिही.

---

अजिंक्यताऱ्याखाली (तीन आठवड्यांनंतर, सकाळी ६:२०)

१,२६० किमी. आत्ताच बोनेट उघडून बघितलं, गाडी रात्रभर उभी होती. पातळी चिकटपट्टीच्या वरच्या कडेला, जिथे होती तिथेच. ॲव्हरेज सोळाच्या जरा वर आलंय. सात वाजता आईला घेऊन पुण्याला निघतोय.